चौकोनी कंसातला नियम

१६ सप्टेंबर १९८७. तुम्ही माँट्रियलच्या सभागृहात बसला आहात. कानाला दुभाष्याचा हेडफोन, समोर कराराचा मसुदा. फ्रिजमधला आणि स्प्रेच्या डब्यांतला सीएफसी वायू वर जाऊन ओझोन नष्ट करतो, असा इशारा मोलिना आणि रोलंड यांनी १९७४ मध्येच दिला होता. दोन वर्षांपूर्वी ब्रिटिश संशोधकांनी अंटार्क्टिकावरचं ओझोनचं भगदाड जगापुढे मांडलं. आज २४ देश आणि युरोपीय आर्थिक समुदाय सह्या करताहेत.

टाळ्या संपेपर्यंत मसुद्यातलं दुसरं कलम उघडा, नववा परिच्छेद वाचा. यादीतल्या रसायनांची कपात पुढे वाढवायची झाली, तर आधी एकमतासाठी प्रयत्न करायचा. ते जमलं नाही तर दोन तृतीयांश मतं पुरेत, आणि निर्णय सगळ्यांना बंधनकारक. एका देशाने पाय रोवले म्हणून जगाचं काम अडणार नाही. पण वाक्य तिथे संपत नाही. त्या दोन तृतीयांश देशांकडे एकूण वापराचा निदान निम्मा वाटाही असायला हवा. म्हणजे ज्यांनी जास्त वायू वापरला, त्यांच्याच मताला जास्त वजन. सह्यांच्या यादीत भारत नाही, चीनही नाही.

आता जून १९९०, लंडन. परिषदेचं उद्घाटन मार्गारेट थॅचर करताहेत. त्यांचं शिक्षण रसायनशास्त्रातलं, त्यामुळे ही रेणूंची भाषा त्यांना परकी नाही. तुम्ही भारताच्या बाजूला, पर्यावरण खातं सांभाळणाऱ्या मनेका गांधींच्या मागच्या खुर्चीवर बसा. भारताचं म्हणणं रोखठोक आहे. ओझोन विरळ केला श्रीमंत देशांनी; आमच्याकडे फ्रिज आत्ता कुठे घरात येऊ लागलाय. पैसा आणि तंत्रज्ञानाची हमी नसेल, तर सही नाही.

तुमच्या हातातल्या मसुद्यात ठिकठिकाणी चौकोनी कंस आहेत. एकमत न झालेला मजकूर संयुक्त राष्ट्रांच्या कागदांत असाच कंसात ठेवतात. लंडनमध्ये हे कंस निघतात. पहिल्या तीन वर्षांसाठी १६ कोटी डॉलरचा निधी ठरतो. भारत आणि चीन आले तर तो २४ कोटींवर जाणार. निधीच्या कार्यकारी समितीत १४ जागा, ७ विकसित देशांच्या आणि ७ विकसनशील देशांच्या. मतदानातलं वापराचं वजनही जातं. यापुढे दोन तृतीयांश मतांबरोबर दोन्ही गटांत वेगवेगळं बहुमत लागेल. पुढच्या दोन वर्षांत आधी चीन, मग भारत करारात येतो.

पाच वर्षं पुढे जा. १९९५ चा वसंत, बर्लिन, संयुक्त राष्ट्रांच्या हवामान कराराची पहिली परिषद. अध्यक्षस्थानी जर्मनीच्या पर्यावरणमंत्री अँगेला मेर्केल. नियमावली मंजूर व्हायची आहे, पण बहुमताने निर्णय घेण्याला तेल निर्यात करणाऱ्या देशांचा विरोध आहे. मतदानाचा नियम कंसातच राहतो. तेव्हापासून प्रत्येक हवामान परिषद तो नियम बाजूला ठेवूनच चालली. सोसायटीच्या सभेत एका सभासदाने हरकत घेतली की टाकीची दुरुस्ती पुढच्या वर्षावर जावी, तसं जगाच्या तापमानाचं झालंय.

एकच थांबा उरला. १५ ऑक्टोबर २०१६, किगाली, पहाट. माँट्रियल कराराचे सगळे सदस्य देश सीएफसीच्या जागी आलेले, पण तापमान वाढवणारे एचएफसी वायू घटवायला राजी होतात. कोणी आधी, कोणी नंतर. भारताला या वायूंची वाढ २०२८ मध्ये थांबवायची मुभा. या सहमतीने या शतकातली अर्धा अंशापर्यंतची तापमानवाढ टळू शकते. खुद्द ओझोनचा थर अंटार्क्टिकावर २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

आता आजच्या तारखेला परत या. सीएफसी बनवणारे कारखाने मोजके होते आणि पर्यायही सापडले. कोळसा आणि तेल मात्र आपल्या प्रत्येक व्यवहारात मुरलेत. पण जितकं काम अवघड, तितकी निर्णयाची रीत पक्की हवी. लंडनची रीत हवामान करारात आणणं सोपं नाही, कारण तो नियम मंजूर करायलाही आज सर्वांची संमती लागते. एकट्याने अडवण्याची मुभा भारतालाही सोडावी लागेल. ती सोडण्यात आपलं नुकसान नाही: दोन्ही गटांचं स्वतंत्र बहुमत असलं, तर गरीब देशांवर काही लादता येत नाही आणि एकट्यादुकट्याला सगळं रोखताही येत नाही. पुढच्या परिषदेहून आपले प्रतिनिधी परततील तेव्हा किती टक्के कपात कबूल केली हे विचाराच. पण मतदानाचा नियम कंसातून काढायला भारताने काय केलं, हे आधी विचारा.