सुप्याच्या बाजारातली होळी

वर्गात चक्रवाढ व्याजाची उदाहरणे घालताना मला हटकून सुपे आठवते. पुणे जिल्ह्यातल्या या गावी १२ मे १८७५ रोजी, ऐन बाजाराच्या दिवशी, आसपासचे कुणबी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. लुटालूट झाली, हे खरेच. परंतु हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील गावोगाव पसरले, तेव्हा जमावाच्या तोंडी मुख्य मागणी एकच होती : रोखे बाहेर काढा! कागद हाती आले की ते जाळावयाचे. जेथे सावकाराने ते निमूटपणे दिले, तेथे त्याच्या अंगाला सहसा कोणी हात लावला नाही.

कागदावर एवढा राग का बरे? अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५, कापूस महागला होता आणि कर्जही सुखाने मिळत होते. युद्ध संपले, भाव कोसळले, १८६७ पासून फेरआकारणीने सारा वाढला, आणि सावकाराने हात आखडता घेतला. पण खरी मेख निराळीच होती. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्याचा दावा तीन वर्षांत लावावा, असे ठरले. हेतू ऋणकोच्या रक्षणाचा, परिणाम उलटा. दर तीन वर्षांनी रोखा नवा व्हावयाचा आणि थकलेले व्याज मुद्दल बनावयाचे. समजा, शंभर रुपये दरमहा दोन टक्क्यांनी घेतले. तीन वर्षांनी १७२ चा रोखा. सहा वर्षांनी जवळजवळ २९६ चा! व्याज मुद्दलाहून अधिक वसूल करू नये, ही आपली जुनी दामदुपटीची मर्यादा. ती अशी कागदोपत्री मोडली गेली. रोख्याखाली निरक्षर शेतकऱ्याची निशाणी नांगराची. कोर्टात तो नांगर त्याच्याच विरुद्ध साक्ष देई.

सगळे सावकार दुष्ट होते, असे मी म्हणणार नाही. अडीनडीला बियाणे देणारा दुसरा होता कोण? परंतु ज्या व्यवहारात एकालाच वाचता येते आणि वही त्याच्याच घरी असते, तेथे सज्जनपणावर विसंबून भागत नाही.

चौकशीसाठी आयोग बसला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांत तो लागू झाला. न्यायाधीशाने रोख्याच्या मागे जाऊन मूळ देणेघेणे तपासावे. भरलेल्या पैशाची पावती ऋणकोला मिळावी. वर्षाचा हिशेब मागण्याचा त्याला हक्क असावा. पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकू नये. पुढे न्यायमूर्ती रानड्यांनी याच कायद्याखाली न्यायदानाचे काम केले. मात्र पुरंदर तालुक्यात शेतकी बँक काढण्याची वेडरबर्न यांची योजना विलायतेत नामंजूर झाली. नुसत्या कायद्याने बियाणे येत नाही. त्यासाठी १९०४ चा सहकारी पतपेढ्यांचा कायदा आणि १९११ साली विठ्ठलदास ठाकरसी व लल्लूभाई सामळदास यांच्या पुढाकाराने निघालेली मुंबईची मध्यवर्ती सहकारी बँक यांची वाट पाहावी लागली.

२०११ साली संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने व्यापारधंद्यासाठी तत्त्वे मान्य केली : सरकारने हक्कांचे रक्षण करावे, धंद्याने त्यांचा मान राखावा, आणि ज्याचे नुकसान झाले त्याला दाद मिळावी. आपल्या रिझर्व्ह बँकेनेही २०२२ साली बजावले की, थकबाकीसाठी सकाळी आठच्या आधी व सायंकाळी सातनंतर वसुलीवाल्यांनी कर्जदाराला फोन करू नये. हे वाचताना मला १८७९ ची ती पावती आठवली. कर्जदारालाही झोप आहे, दार आहे, अब्रू आहे, एवढेच त्यातले सांगणे.

यंदाच्या पाडव्याला वहीपूजन करताना शुभ-लाभ लिहिले जाईलच. त्या वहीतले प्रत्येक पान, ज्याच्या नावे ते आहे त्याला वाचता येते का, हेही एकदा पाहावे. सुप्याला जळलेले रोखे कुणब्यांना वाचता येत नव्हते. पण त्यात काय लिहिले आहे, ते त्यांना पुरते कळले होते.