काउआई दीर्घकालीन अभ्यास

भोवतालच्या माणसांचा आणि परिस्थितीचा व्यक्तीच्या जडणघडणीवर जन्मापासून चाळिशीपर्यंत काय परिणाम होतो, याचा मागोवा घेणारे विकासात्मक मानसशास्त्रातील संशोधन. हवाई बेटांपैकी काउआई या बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांवर ते आधारलेले आहे. मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर (१९२९–२०१७) आणि त्यांच्या सहकारी रूथ स्मिथ यांची नावे या अभ्यासाशी प्रामुख्याने जोडली जातात. जन्मतः जर्मन असलेल्या वर्नर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत प्राध्यापक होत्या.

पार्श्वभूमी : त्या काळी काउआईवर ऊस आणि अननसाचे मोठे मळे होते. जपानी, फिलिपिनो व मूळ हवाई वंशाची अनेक कुटुंबे त्यांवर मजुरी करून राहत. बेट लहान असल्यामुळे एकाच वर्षी जन्मलेल्या मुलांचा पाठपुरावा करणे शक्य होते.

पद्धत : नोंदी आईच्या गरोदरपणापासून ठेवण्यात आल्या. त्यानंतर वयाच्या १, २, १०, १८, ३२ आणि ४० व्या वर्षी पाहणी झाली. बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, सार्वजनिक आरोग्य परिचारिका आणि समाजसेवक यांचा त्यात सहभाग होता. मुलाखती व चाचण्यांना शाळा, न्यायालये आणि आरोग्यसेवा यांच्या दप्तरांतील नोंदींची जोड देण्यात आली. १९९२ मध्ये इनिकी चक्रीवादळाने बेटाची प्रचंड हानी केली. चाळिशीतील पाहणी त्यानंतरची आहे.

निष्कर्ष : प्रसूतीच्या वेळच्या गुंतागुंतीचा परिणाम मूल मोठे होत गेले तसा ओसरत गेला. तो किती टिकणार, हे बऱ्याच अंशी घरच्या परिस्थितीवर अवलंबून राहिले. मेंदूला किंवा शरीराला गंभीर इजा झालेली मुले मात्र याला अपवाद होती.

सुमारे ३० टक्के मुले जोखमीच्या परिस्थितीत वाढत होती. दारिद्र्य, जन्मवेळची गुंतागुंत, आईवडिलांतील बेबनाव, व्यसन, मानसिक आजार आणि आईचे अपुरे शिक्षण हे जोखमीचे घटक मानले गेले. ज्यांच्या वाट्याला दोन वर्षांच्या आतच असे चार किंवा अधिक घटक आले, त्यांपैकी दोनतृतीयांश मुलांना दहाव्या वर्षापर्यंत शिकण्याच्या वा वर्तनाच्या समस्या जडल्या, किंवा अठराव्या वर्षापर्यंत बालगुन्हेगारी, मानसिक अनारोग्य अथवा अकाली मातृत्व यांना सामोरे जावे लागले. उरलेली ७२ मुले (३० मुलगे व ४२ मुली) मात्र कर्तबगार आणि इतरांची काळजी घेणारी प्रौढ माणसे झाली. चाळिशीत त्यांच्यापैकी कोणीही बेकार नव्हते, कायद्याच्या कचाट्यात सापडले नव्हते की सरकारी मदतीवर जगत नव्हते.

संरक्षक घटक : या ७२ जणांमध्ये काही गोष्टी वारंवार आढळल्या. तान्हेपणी ती हसरी, चपळ आणि सांभाळायला सोपी होती. निदान एका मोठ्या माणसाचा त्यांना लहानपणापासून भक्कम आधार होता. आईवडिलांना जमले नाही तेथे आजी-आजोबा, मोठे भावंड, मावशी किंवा काका पुढे आले. घराबाहेर एखादे शिक्षक, शेजारी वा चर्चमधील वडीलधारे माणूस त्यांच्या पाठीशी उभे राहिले. घरची कामे आणि धाकट्या भावंडांना सांभाळणे यांतून त्यांना जबाबदारीची सवय लागली. दहाव्या वर्षी नीट वाचता येणे ही पुढील यशाची एक ठळक खूण ठरली. मुलग्यांना घरातील शिस्त, ठरलेला दिनक्रम व आदर्श वाटावा असा पुरुष उपयोगी पडला. मुलींना स्वावलंबनाची मोकळीक आणि घरातील एखाद्या स्त्रीचा खात्रीचा आधार.

प्रौढपणातील बदल : किशोरवयात वाट चुकलेल्यांपैकी बहुतेक जण तिशी-चाळिशीपर्यंत सावरले. अकाली माता झालेल्या बहुसंख्य मुलींनी पुढे शिक्षण व नोकरीची वाट धरली. सामुदायिक महाविद्यालयातील शिक्षण, सैन्यातील नोकरी, स्थिर स्वभावाच्या जोडीदाराशी विवाह आणि धर्मसमुदायाचा आधार हे यातील मुख्य टप्पे होते. नवी संधी आणि नवी माणसे मिळाली, तर विशी उलटल्यावरही आयुष्याची दिशा बदलते, हे यातून दिसून आले.

मर्यादा व महत्त्व : एका बेटावर एकाच वर्षी जन्मलेल्या मुलांवरून काढलेले निष्कर्ष सर्व समाजांना जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. शिवाय ज्या मुलांचा स्वभाव गोड, त्यांच्याकडे मोठ्यांचा ओढा अधिक असतो. त्यामुळे स्वभावाचा वाटा किती आणि परिस्थितीचा किती, हे पूर्णपणे वेगळे काढता येत नाही. ‘व्हल्नरेबल बट इन्व्हिन्सिबल’ (१९८२), ‘ओव्हरकमिंग द ऑड्स’ (१९९२) आणि ‘जर्नीज फ्रॉम चाइल्डहूड टू मिडलाइफ’ (२००१) हे या अभ्यासावरील प्रमुख ग्रंथ होत. मुले कशामुळे बिघडतात यावर केंद्रित असलेले संशोधन ती कशामुळे तगतात या प्रश्नाकडे वळवण्यात या अभ्यासाचा मोठा वाटा आहे. मात्र तगलेल्या एकतृतीयांशांचे कौतुक करताना अडचणीत आलेल्या दोनतृतीयांशांचा विसर पडू देणे, हा या अभ्यासाचा विपर्यास ठरेल.