ज्ञानदान आणि समाजाचे नेतृत्व : एका वसतिगृहाचा इतिहास

जैन परंपरेत आहार, औषध, ज्ञान आणि अभय असे दानाचे चार प्रकार सांगितले आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी ज्ञानदानाला विद्यार्थी वसतिगृहाचे नवे रूप लाभले. हा विचार ज्या दानशूरांनी उचलून धरला, त्यांत मुंबईचे जव्हेरी शेठ माणिकचंद हिराचंद यांचे नाव अग्रस्थानी आहे. मुंबईत त्यांनी वडिलांच्या नावे हिराचंद गुमानजी जैन बोर्डिंग उभारले व इतरत्रही जैन वसतिगृहांना सढळ हस्ते साहाय्य केले. १८९९ साली स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेने कोल्हापुरात जैन बोर्डिंग चालविले. खेड्यापाड्यांतील शेतकरी कुटुंबांच्या मुलांना त्यामुळे शहरातील शाळा खुली झाली.

सभेचे धुरीण अण्णासाहेब लठ्ठे पुढे कोल्हापूर संस्थानचे दिवाण आणि १९३७ साली मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. याच बोर्डिंगमध्ये कुंभोज येथे १८८७ साली जन्मलेले भाऊराव पाटील राहत होते. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते गेले आणि परतल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्यास त्यांनी नकार दिला. परिणामी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. ज्या दानाने त्यांना आसरा दिला, त्याच दानाची मर्यादाही त्यांनी अनुभवली.

तथापि त्यांच्या मनात कटुता राहिली नाही. १९१४ च्या डांबर प्रकरणात लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यास त्यांनी छळ सोसूनही नकार दिला. १९१९ साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह सुरू केले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळाले. मुलांच्या पोटासाठी पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रही दिले. तेथे मुले स्वतः स्वयंपाक करीत, शेतात राबत. जबाबदारी पेलण्याचे शिक्षण त्यांना तेथेच मिळाले. रायगड जिल्ह्यात पनवेलचे महात्मा फुले महाविद्यालय याच संस्थेचे आहे.

या इतिहासाचा बोध स्पष्ट आहे. धर्मादाय निधीने निवास, भोजन व पुस्तके पुरविता येतात. परंतु नेतृत्व घडते ते तरुणांवर कारभाराचा विश्वास टाकल्याने आणि त्यांचे अप्रिय प्रश्न ऐकून घेतल्याने. ठाकुरवाडीच्या घाटापासून खालापूरपर्यंत जैन कुटुंबांच्या शेजारीच ठाकूर व कातकरी बांधवांच्या वाड्या आहेत. येथील निधीतून शिकलेला तरुण उद्या त्या वाडीतील मुलासाठीही दार उघडील, तर ज्ञानदान खऱ्या अर्थाने सुफळ होईल.