घरातले चित्रगृह आणि चित्रांचे कोठार

खारघरच्या एखाद्या इमारतीत नवे बिऱ्हाड आले, की दिवाणखान्यात मोठा पडदा लावावा, कोपऱ्यांत स्पीकर ठेवावेत आणि या सर्वांना चित्रे पुरविणारा एक संगणक जोडून द्यावा, असा बेत आज पुष्कळ कुटुंबांत होतो. त्याला होम थिएटर म्हणतात. आपण घरातले चित्रगृह म्हणू. दुकानदार पहिल्याने पडदा किती इंची हे विचारतो. इतिहासाला विचाराल तर तो निराळाच प्रश्न आधी घालील: बाबांनो, चित्रे ठेवणार कोठे?

कोणत्याही चित्रगृहाची अंगे तीन. चित्र साठवायचे, ते वाहून आणायचे आणि मग दाखवायचे. दाखविण्याची हौस आपल्याला पहिल्यापासून दांडगी. साठवणीकडे मात्र आपण पाठ फिरविली. त्याचे काय झाले ते पाहू.

खारघरहून कल्याण काही फार लांब नाही. त्या कल्याणात १८९२ साली महादेव गोपाळ पटवर्धन यांनी 'शांबरिक खरोलिका' या नावाने दिव्याच्या साहाय्याने पडद्यावर चित्रे दाखविण्यास आरंभ केला. शंबर हा पुराणातला मायावी असुर. त्याच्यावरून शांबरिक म्हणजे जादूचा. काचेवर रंगविलेली ही चित्रे पटवर्धन पितापुत्रांनी जपायची, तीच गावोगाव न्यायची आणि तीच दाखवायची. तिन्ही अंगे एका घरच्या हातात होती.

पुढे ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात फ्रान्सच्या ल्यूमिएर बंधूंची हलती चित्रे आली. तिकीट एक रुपया. त्यानंतर सतरा वर्षांनी, ३ मे १९१३ रोजी, त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' गिरगावच्या कॉरोनेशन चित्रगृहात लागला. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावातच, मॅजेस्टिक चित्रगृहात, 'आलम आरा' बोलू लागला. या तारखा शाळेतली मुलेही पाठ म्हणतील. पण ते चित्रपट कोठे आहेत? 'राजा हरिश्चंद्र' आज पूर्ण स्वरूपात उपलब्ध नाही. 'आलम आरा'ची तर एकही प्रत हाती लागलेली नाही.

असे का व्हावे? त्या काळची फीत नायट्रेटची. ती भडकन पेटे, दमट हवेत चिकट होऊन कुजे. शिवाय तिच्यावरच्या लेपात चांदी असे. खेळ संपले, की जुन्या फिती चांदीसाठी विकल्या जात. पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ साली, म्हणजे 'राजा हरिश्चंद्र'नंतर एकावन्न वर्षांनी. तोवर जे जायचे ते गेले होते. २००३ साली पुण्यातच चित्रफितींच्या कोठाराला आग लागली आणि जुन्या नायट्रेट फिती भस्मसात झाल्या. ज्यांची दुसऱ्या फितीवर प्रत काढून ठेवलेली होती, त्यांचे निदान चित्र तरी उरले. एक प्रत म्हणजे नसल्यासारखीच, हा धडा त्या आगीने दिला.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले आणि चित्र मनोऱ्यावरून थेट घरात येऊ लागले. पण घराच्या वाट्याला फक्त पाहणे आले. कार्यक्रम संपला, की संपला. १९८० नंतरच्या दशकात व्हिडिओ कॅसेट आली, तेव्हा चित्र कपाटात ठेवण्याची सोय सामान्य माणसाला झाली. मात्र त्या कॅसेटींनाही कालांतराने बुरशी लागली आणि त्या चालविणारी यंत्रे बाजारातून दिसेनाशी झाली.

आता संगणकाकडे येऊ. खारघर रेल्वे स्थानकासमोर सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचे केंद्र आहे. २००३ साली या संस्थेत एनसीएसटी नावाची मुंबईची एक संस्था विलीन झाली. ही एनसीएसटी १९८५ साली स्थापन झालेली. देशातले संगणक एकमेकांशी आणि परदेशाशी जोडण्याचे प्रारंभीचे काम जेथे झाले, त्या संस्थांपैकी ती एक. १९८९च्या सुमारास तिच्याकडून अमेरिकेशी जी तार जोडली गेली, तिचा वेग सेकंदाला ९६०० बिट होता. बिट म्हणजे संगणकाच्या लेखी सर्वांत लहान माप, धान्यातला जणू एक दाणा. १५ ऑगस्ट १९९५ पासून विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वसामान्यांना खुले केले.

शिक्षकांनी एक गणित मुलांना अवश्य घालावे. दोन तासांचा, चांगल्या प्रतीचा चित्रपट सेकंदाला ८० लक्ष बिट या मापाने साठविला, तर तो ५७६० कोटी बिट भरतो. एनसीएसटीच्या त्या तारेवरून तो आणायचा म्हटला असता तर जवळजवळ ६९ दिवस लागले असते. आजच्या १०० मेगाबिटच्या जोडणीवर त्याला दहा मिनिटेही लागत नाहीत. वहनाचा प्रश्न असा सुटला. साठवणीचा सुटला का?

तेव्हा घरातले चित्रगृह आखायचे असेल तर कोठारापासून आखा. एक साधा संगणक घ्या. तो दिवाणखान्यातच हवा असे नाही. पंख्याची घरघर ऐकू येऊ नये म्हणून त्याला आतल्या खोलीत हवेशीर जागी ठेवा. त्याच्यात ४ टेराबाइटची हार्ड डिस्क घातली, तर वरच्या मापाचे पाचशेहून अधिक चित्रपट मावतात. पण तशीच दुसरी डिस्क घेऊन तिच्यावर सगळ्याची प्रत काढा आणि ती दुसऱ्या घरी, भावाकडे किंवा गावी, ठेवून द्या. वीज एकाएकी गेली तर डिस्कला इजा होऊ शकते. म्हणून संगणकाला यूपीएस हवाच.

कोठारापासून पडद्यापर्यंत बिनतारी जोडणी चालते, पण मध्ये भिंती आल्या की ती अडखळते. घराचे काम चालू असतानाच, गिलावा होण्यापूर्वी, भिंतीत पाइप टाकून कॅट-६ जातीची तार ओढून घ्या. ही तार १०० मीटरपर्यंत नीट काम देते. एवढे मोठे घर आपल्यापैकी कोणाचे असणार! पडदा आणि स्पीकर यांचा विचार यानंतर करावा. ते पुढे बदलता येतात. भिंतीतली तार बदलायला भिंत फोडावी लागते.

कोणी म्हणेल, महिन्याची वर्गणी भरली की हवा तो चित्रपट दिसतो, मग ही यातायात कशाला? खरे आहे, पण तेथे कोठार दुसऱ्याचे आहे. करार संपला, की काल पाहिलेला चित्रपट आज यादीतून नाहीसा होतो आणि वर्गणीदाराला कोणी विचारीत नाही. दुसऱ्याचे चित्रपट चोरून साठवा, असे मी सुचवीत नाही. आपल्या कायद्याने चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षे राखून ठेवला आहे आणि तो पाळलाच पाहिजे. विकत घेतलेल्या प्रती, हक्क संपलेली जुनी चित्रे, आणि सर्वांत मोलाचे म्हणजे आपण स्वतः टिपलेले, एवढ्यानेच कोठार भरेल.

हे शेवटचे विशेष ध्यानात घ्या. खारघर, कोपरा, मुर्बी, ओवे ही पनवेल तालुक्यातली गावे. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि पुढे या गावांच्या शेतजमिनींवर शहर उभे राहिले. जेथे आज दिवाणखान्यात पडदे लागतात, तेथे भात पिकताना ज्यांनी पाहिले, ती माणसे आता थकली आहेत. त्यांचे बोलणे, लग्नातली गाणी, गावची जत्रा हे सारे कोणाच्या तरी मोबाइलमध्ये आहे. आणि मोबाइल पाण्यात पडला, हरवला, जुना झाला, की ते गेले. 'आलम आरा' गेला तो असाच, कोणी मुद्दाम नष्ट केला म्हणून नव्हे, कोणी मुद्दाम राखला नाही म्हणून.

शहरी घराची ही योजना गावच्या शाळेलाही जशीच्या तशी लागू पडते. एक संगणक, दोन डिस्का, एक प्रोजेक्टर आणि पांढरी भिंत एवढे पुरे. मुलांना आजीआजोबांकडे पाठवा, त्यांचे बोलणे टिपून आणू द्या, कोण बोलले आणि केव्हा हे प्रत्येकावर लिहायला लावा, आणि दोन ठिकाणी प्रत ठेवा. कल्याणच्या पटवर्धनांच्या हाती जी तिन्ही अंगे होती, ती शतकाहून अधिक काळाने पुन्हा आपल्या हाती आली आहेत. या खेपेला साठवणीत हयगय झाली, तर दोष नायट्रेटवर ढकलता येणार नाही.