हावड्याचे टिंब आणि कम्पायलरची यादी

मराठीत आपण ‘हावडा’ लिहितो. बंगालीत त्याच नावातील ‘ड’खाली टिंब असते. रेल्वेच्या नोंदीत ते स्थानक ‘एचडब्ल्यूएच’ एवढ्या तीन अक्षरांत मावते. माणूस ही तिन्ही रूपे एकच मानतो. यंत्र मानत नाही, आणि त्यामुळे संगणकभाषांच्या इतिहासात एक विलक्षण पेच उद्भवला.

हावड्यासमोर, हुगळीपलीकडे, भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५५ साली एचईसी-२एम हा संगणक आला, तेव्हा हा प्रश्न नव्हता. आज्ञा थेट यंत्रभाषेत द्याव्या लागत. १९५७च्या फोरट्रानने नावे आणली, पण सहा अक्षरांपुरती. कारण आयबीएम ७०४च्या ३६ बिटांच्या शब्दात सहा-सहा बिटांची सहाच अक्षरे बसत.

पुढे भाषा समृद्ध झाल्या. असेंब्लर मात्र बहुधा रोमन अक्षरे, अंक, अधोरेषा आणि मोजकी चिन्हेच ओळखत राहिला. म्हणून कम्पायलर नावांचे रूपांतर करू लागले. सी++मधील अधिकचिन्हाची क्रिया आज अनेक कम्पायलर ‘पीएल’ या दोन रोमन अक्षरांनी नोंदवतात. जावातून सी भाषेतील फंक्शनला हाक मारताना रोमनेतर अक्षराच्या जागी अधोरेषा, शून्य आणि चार षोडशमान अंक येतात. नावात मुळातच अधोरेषा असेल, तर तिच्यापुढे १ लावला जातो. ही दक्षता घेतली नाही, तर दोन भिन्न नावे एकरूप होतील.

हावड्याने उलट प्रश्न उभा केला: एकच नाव दोन होऊ नये. युनिकोडमध्ये बंगाली ‘ड़’ दोन प्रकारे लिहिता येतो. एक, २५२४ क्रमांकाचे जोडलेले अक्षर. दुसरा, २४६५ क्रमांकाचा ‘ड’ आणि २४९२ क्रमांकाचे टिंब. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण यूटीएफ-८मध्ये पहिल्याला ३ बाइट लागतात, दुसऱ्याला ६. लिंकर बाइट ताडून पाहतो. त्याच्या लेखी ही दोन वेगळी नावे.

युनिकोडच्या ‘एनएफसी’ या प्रमाणित रूपात दुसरा प्रकार ग्राह्य आहे. परंतु सी भाषेच्या १९९९च्या मानकात, नावांत चालणाऱ्या अक्षरांच्या यादीत जोडलेले ‘ड़’ होते. सुटे टिंब नव्हते! जे प्रमाणित ते निषिद्ध, जे मान्य ते अप्रमाणित. अशा अक्षरांसाठी जीसीसी कम्पायलरला आपल्या इशाऱ्यात सवलतीचा वेगळा पर्याय ठेवावा लागला. देवनागरीच्या यादीतही सुटे टिंब नव्हते. पण मराठीतील ‘वाऱ्या’चा ‘ऱ’ बचावला, कारण त्याचे प्रमाणित रूप जोडलेलेच आहे.

२०११च्या मानकाने यादी रुंदावली आणि पेच सुटला. तोवर इतरांनी आपापले मार्ग काढले होते व पुढेही काढले. २००८चे पायथन ३ नावे स्वतःच प्रमाणित करून घेते. सी++चे २०२३चे मानक अप्रमाणित नाव नाकारते. रस्टच्या नव्या नामरूपांतर-पद्धतीत अशी नावे ‘प्युनिकोड’द्वारे साध्या रोमन अक्षरांत उतरतात, म्हणजे कोणताही असेंब्लर अडत नाही.

एका यादीतून एक टिंब सुटले. त्यामुळे बारा वर्षे हावड्याचे नाव, हावड्याच्याच लिपीत, मानक सी भाषेत प्रमाणित रूपात लिहिता येत नव्हते. आपल्या लिपीची जाण असणारे मानकांच्या चर्चेत का हवेत, याचे याहून नेमके उदाहरण क्वचितच सापडेल.