सीतेची वेणी घरच्या एलईडीखाली जगेल का?

पावसाच्या तोंडावर भोरच्या वरंधा घाटात किंवा वेल्ह्याच्या मढे घाटात गेलात, तर झाडाच्या खोडावरून लोंबणारा गुलाबी-पांढरा तुरा दिसू शकतो. ही सीतेची वेणी, म्हणजे आपलं जंगली ऑर्किड (मराठीत आमरी). ते काढून घरी लाईटखाली लावता येईल?

नका लावू. त्याची उघडी मुळं पावसाळ्यात धुकं-पाऊस पितात आणि पुढचे कोरडे महिने तग धरतात. फ्लॅटमध्ये हे चक्र जमवणं अवघड. शिवाय ऑर्किडच्या धुळीसारख्या बियांत अन्नसाठाच नसतो. योग्य बुरशी भेटली तरच त्या रुजतात. म्हणून काढलेल्या रोपाच्या जागी दुसरं यायला वर्षं जातात.

हौस असेल तर नर्सरीतलं फॅलेनॉप्सिस घ्या. कुंडीत माती नको, झाडाची साल किंवा नारळाच्या सोडणाचे तुकडे भरा. साधा पांढरा एलईडी फूटभर वर, रोज 12 ते 14 तास. जांभळ्या लाईटने डोळ्यांना त्रास तेवढा होतो. रात्री मात्र अंधार हवाच, कारण हे झाड कार्बन डायऑक्साइड मुख्यतः रात्री घेतं. पानं गडद हिरवी पडली तर प्रकाश कमी, लालसर झाली तर जास्त. फुलाचा दांडा येत नसेल, तर थंडीत कुंडी काही आठवडे खिडकीजवळ सरकवा. त्याला रात्रीचा गारवा लागतो.