वेदना हरवलेले हात : कुष्ठरोग आणि चेतासंस्था

१/ कुष्ठरोगाने बोटे आपोआप झडतात, हा समज शतकानुशतके टिकला. खरी इजा होते ती चेतांना.

२/ मेंदू आणि मेरुरज्जू मिळून मध्यवर्ती चेतासंस्था होते. तिच्याशी जोडलेल्या चेता त्वचेचा निरोप आत आणतात, स्नायूंना आज्ञा पोहोचवतात आणि घामाचे नियमन करतात.

३/ १८७३ मध्ये नॉर्वेच्या हॅन्सन यांना या रोगाचा जंतू आढळला. त्याला शरीराचे थंड भाग मानवतात. म्हणून कोपर व गुडघ्यापाशी त्वचेलगत असलेल्या चेता सहज बाधित होतात. मग त्वचा कोरडी पडून भेगाळते, बोटे वाकतात, चटका कळत नाही. न जाणवलेली जखम चिघळत जाते आणि अखेर बोट गमवावे लागते.

४/ समाजाने या जखमांत पाप पाहिले आणि माणसांना गावाबाहेर काढले. १९५१ मध्ये बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभारले, तेव्हा याच बधिर हातांनी तेथे विहीर खोदली आणि शेती पिकवली.

५/ आज बहुविध औषधोपचाराने हा रोग बरा होतो. पूर्ण नष्ट झालेली चेता मात्र सहसा परत येत नाही. फिकट, बधिर चट्टा दुखत नाही, म्हणूनच त्याकडे दुर्लक्ष होते. आणि उशीर होतो तो तेथेच.